सेफ्टी टाकीची (संडासाच्या सेप्टिक टँकची) तपासणी: आधी बांबू, मग बजेट

नागपुरातल्या बेसा, हुडकेश्वर, गोधनी, कुठल्याही लेआउटमध्ये विचारा, "सेफ्टी टाकी शेवटची कधी उघडली?" उत्तर ठरलेलं: "संडास तुंबला होता तेव्हा." म्हणजे भर जुलैत, गाळ उपसणारा टँकरवाला सांगेल त्या भावात. मी दरवर्षी मे महिन्यात टाकीतला गाळ नुसता मोजतो. तो दोन-तीन वर्षांतून एकदाच काढावा लागतो.

झाकण फर्शीखाली गाडलेलं असेल तर मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी धरा आणि त्याच खर्चात कडीचं झाकण बसवून घ्या. पुढच्या वर्षी सब्बल लागणार नाही.

झाकण सरकवलं की अर्धा तास लांब उभं राहायचं. विडी-काडी नको, आत मिथेन असतो. वाकून डोकावू नका, आणि कोणाला आत उतरवायचं तर नावच नको. हाताने मैला साफ करवण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणाला उतरवणं गुन्हा आहे. "दोनशे जास्त द्या, पोरगं उतरून साफ करेल" म्हणणाऱ्याला फाटकावरूनच परत पाठवा.

आता खरी मेख. पहिल्या वेळी मी टँकरवाल्याला फोनवर विचारलं, तो म्हणाला, "एका फेरीत होते काम." पाइप टाकला, गाडी भरली, पैसे घेतले, गेला. तीन महिन्यांनी संडास पुन्हा तुंबला. त्याने वरचं पाणी ओढलं होतं आणि तळाचा घट्ट गाळ तसाच सोडला होता. चूक माझीच, कारण माझी टाकी किती लिटरची हे मलाच माहीत नव्हतं.

म्हणून हिशोब आधी करा. माझी टाकी ७ फूट लांब, ४ फूट रुंद, पाणी ५ फूट. झाले १४० घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे जवळपास ४,००० लिटर. ३,००० लिटरची गाडी आली तर दोन फेऱ्या लागणारच. दर विचारताना "गाडी किती लिटरची?" हा प्रश्न पहिला, फेरीचा भाव दुसरा.

गाळ मोजायला आठ फुटी बांबू पुरतो. खालच्या तीन फुटांवर जुना पांढरा टॉवेल सुतळीने घट्ट गुंडाळा. इनलेटकडच्या, म्हणजे संडासाचा पाइप येतो त्या कप्प्यात बांबू सावकाश तळापर्यंत सोडा. घाईने खुपसला तर गाळ ढवळतो आणि सगळा टॉवेल काळा होतो, माझी दोन वर्षं अशीच वाया गेली. पाच मिनिटं थांबा, तितक्याच हळू वर काढा. घट्ट काळा पट्टा जिथे संपतो तिथवर गाळ. पाच फूट पाण्यात तो वीस इंचांच्या, म्हणजे एक तृतीयांशाच्या वर गेला असेल तर टँकर बोलवा. बारा इंच असेल तर झाकण लावा आणि पैसे खिशात ठेवा.

उपसताना गाळ ढवळून ओढायला सांगा. तळाशी दोन इंच राहू द्या, जंतू तिथूनच पुन्हा वाढतात. जंतूंच्या पुड्या विकणाऱ्याला बजेटमध्ये शून्य रुपये.

एक खर्च मात्र उन्हाळ्यात दिसतच नाही. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा गटागटा पाणी पितो आणि सगळं ठीक वाटतं. पावसात तीच माती फुगते आणि पाणी घेत नाही. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत निघून गेली की झाकण परत एकदा उघडा. पाणी आउटलेटच्या, म्हणजे शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपावर चढलेलं दिसलं तर टँकरवर पैसे घालू नका, दोन दिवसांत टाकी पुन्हा भरेल. पाण्याने भरलेल्या जमिनीत रिकामी प्लास्टिकची टाकी तर वर उचलली जाते. शोषखड्डा मोठा करायचे पैसे बाजूला ठेवा आणि खोदकाम दिवाळीनंतर, माती वाळल्यावर काढा.