मालिश शिकायला जाताय? आधी टेबलाची उंची बघा

टेबलाची उंची. बाकीचं खाली येईलच, पण वाचता वाचता कंटाळा आला तर एवढं तरी घेऊन जा. मागच्या खेपेला नखं कापलेली होती, चादरी धुतलेल्या होत्या, तेल होतं, वहीसुद्धा होती. उंची तेवढी कुणी पाहिली नाही आणि महिन्याभरात उजव्या अंगठ्याचं मूळ कामातून गेलं.

आधी कोर्सचं उरकू. आपल्याकडे मसाज थेरपिस्टला डॉक्टरसारखी नोंदणी किंवा परवाना लागत नाही, म्हणून आठ दिवसांतही ‘प्रमाणपत्र’ हातात पडू शकतं. ते भिंतीला लावायच्या कामाचं. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट असे दोन कोर्स आहेत, स्पावाले ते ओळखतात. निसर्गोपचाराकडे ओढ असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थेत, म्हणजे बापू भवनात, ट्रीटमेंट असिस्टंटचा वर्षाचा कोर्स चालतो. पंचकर्म सहायकाचा रस्ता वेगळा, तिथे आयुर्वेदाच्या वैद्याच्या हाताखाली काम करावं लागतं. कुठेही जा, फी विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा. प्रत्यक्ष माणसाच्या अंगावर किती तास हात चालवायला मिळणार? एका टेबलाला किती शिकाऊ? आणि त्या टेबलांचे पाय वरखाली होतात का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसला तरी विचारा. पावती घ्या. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

आता उंची. कामात घालणार तेच बूट पायात घालून टेबलाच्या बाजूला उभं राहा. खांदे सैल, हात सरळ खाली, मूठ वळलेली. मुठीची हाडं गादीला नुसती टेकली की ती तुमची उंची. पाच फूट दोन इंचाच्या बाईला ती २६ इंचांच्या आसपास येते, पाच फूट दहाच्या पुरुषाला ३० च्या. चार इंचांचा फरक, आणि वर्गात टेबल दोघांना मिळून एकच. जोराचा दाब द्यायचा असेल, माणूस जाडजूड असेल किंवा कुशीवर झोपलेला असेल, तर आणखी दीड-दोन इंच खाली घ्या, कारण त्याचं अंग तेवढं वर आलेलं असतं. टेबल उंच राहिलं की कोपर वाकतं, खांदे कानाकडे चढतात, अंगाचं वजन हातावर उतरत नाही, मग सगळा जोर अंगठ्यातून काढावा लागतो. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापताना अंगठ्याच्या मुळाशी चमक निघते, मग बाटलीचं झाकण फिरेनासं होतं. टेबल फार खाली असलं तर कंबर जाते, पण ते निदान त्याच संध्याकाळी कळतं.

मोजायला मीटरचा टेप न्या. वर्गात टेप काढायची लाज वाटत असेल तर सुतळी घ्या, एका टोकाला पाय देऊन दुसरीकडे मुठीच्या उंचीवर गाठ मारा आणि ती खिशात ठेवा. घडीच्या लाकडी टेबलाच्या पायांना भोकांची रांग असते आणि नॉब फिरवून पाय वरखाली होतात. तुमच्या भोकाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्या, चारही पायांवर. एक पाय एक भोक वर राहिला तर टेबल डुलतं आणि झोपलेला माणूस तासभर अंग आवळून धरतो, त्याला सैल करायला आलात ते राहूनच जातं. नॉब आठवड्यातून एकदा आवळा, खालच्या तारा ताणलेल्या आहेत का बघा. रुंदी २८ इंच बरी. २६ पेक्षा कमी असली तर गिऱ्हाइकाचे हात खाली लोंबतात, ३० पेक्षा जास्त असली तर पलीकडच्या खांद्यापर्यंत पोचायला तुम्हाला ओणवं व्हावं लागतं, म्हणजे उंची बरोबर असून उपयोग नाही.

पंचकर्माची द्रोणी, म्हणजे तेल लावायला माणूस झोपवतात ते लाकडी टेबल, जड असते आणि तिची उंची ठरलेली. ती बदलत नाही, म्हणून तुम्ही बदला: खाली रुंद, पक्की फळी घ्या, वर रबरी मॅट. नुसत्या पाटावर उभं राहू नका. तेल सांडलं की पाट सरकतो.

अंगाची तयारी कोर्सच्या महिनाभर आधीपासून. नखं तळहाताकडून बघितली तर दिसता कामा नयेत. अंगठ्या, कडं, मनगटाचा दोरा काढा. दाब पायातून येतो: एक पाय पुढे, एक मागे, मागची टाच रेटून अंग पुढे झुकवायचं, मनगट आणि कोपर एका रेषेत. हे भिंतीवर रोज दहा मिनिटं करा. अंगठा एकट्याने कधीच लावायचा नाही, मागे दुसऱ्या हाताचा आधार हवा. पाठ, मांडी, कुल्ला अशा मोठ्या स्नायूंना हाताची कोपराजवळची मऊ बाजू वापरा. कोपराचं टोक शेवटचं, तेही शिकल्यावर. आणि हे सगळं टेबल बरोबर असेल तरच जमतं. उंच टेबलावर कोपर लावून दाखवा बरं.

शरीररचना पाठ करत बसू नका, हात लावून शिका. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो टपोरा मणका लागतो तो बहुतेकांचा सातवा मानेचा. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा बोटांनी जोडल्या की ती रेषा साधारण चौथ्या कटिमणक्यावरून जाते. डोकं डावीकडे वळवा, उजव्या कानामागून गळ्याच्या हाडाकडे एक दोरी उठते, तो स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड. ट्रॅपेझियस कवटीच्या मागून निघून पार शेवटच्या बरगडीच्या मणक्यापर्यंत उतरतो, म्हणून ‘मान दुखते’ म्हणणाऱ्याची पाठही बघावी लागते. रावेर-यावलकडे केळीचे वीस-पंचवीस किलोचे घड वाहणाऱ्यांचा हा स्नायू चपातीच्या घट्ट कणकेसारखा लागतो. सरावाला अशी अंगं मागा, वर्गातल्या विशीतल्या मऊ पाठींवर काही शिकायला मिळत नाही.

जोर कुठे द्यायचा नाही हे मात्र पाठच हवं: गळ्याची पुढची बाजू, काख, कोपराची आतली खाच, गुडघ्यामागची लवण, जांघ, शेवटच्या बरगड्यांखाली मूत्रपिंडाची जागा आणि मणक्यांची हाडं. मान कडकन मोडायची नाही, कधीच नाही. सलूनमध्ये मोडतात म्हणून आपणही मोडायची असं नसतं. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि त्यातून लकवा होऊ शकतो.

स्वीडिश मालिशच्या हातांची नावं फ्रेंच आहेत: एफ्लुराज म्हणजे लांब हात फिरवणं, पेट्रिसाज म्हणजे मळणं, फ्रिक्शन म्हणजे घासणं, टॅपोटमेंट म्हणजे थापटणं. तोंडी परीक्षेत ती स्वीडनचे व्यायामशिक्षक पेर हेन्रिक लिंग यांच्या नावावर खपवली जातात, पण रूढ केली डच डॉक्टर मेझगर (१८३८–१९०९) यांनी. हातापायांवर लांब हात हृदयाच्या दिशेने. अभ्यंगाची, म्हणजे आयुर्वेदातल्या तेल मालिशीची, रीत वेगळी: तिथे अनुलोम, म्हणजे केसांच्या दिशेने, सांध्यांवर गोल. दोन्ही एकत्र कालवू नका, परीक्षक विचारतो.

तेल तिळाचं. सगळ्या अंगाच्या स्वीडिश मालिशला ३० ते ४० मिली पुरतं, केसाळ अंगाला थोडं जास्त, अभ्यंगाला बरंच जास्त. शेंगदाणा किंवा बदाम तेल घेण्याआधी ॲलर्जी विचारा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, पाच लिटरचा डबा उघडला की लवकर खवट होतो, म्हणून छोट्या बाटल्या. गरम करायचं तर बाटली कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही, आणि आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघा. चादरी चार, टॉवेल आठ, उशी एक, गुंडाळी दोन. पालथ्या माणसाच्या घोट्याखाली गुंडाळी हवी, नाहीतर पोटऱ्या ताणलेल्याच राहतात. तेलकट टॉवेल गरम पाण्यात साबण लावून धुवा आणि उन्हात तापलेले असताना गठ्ठा करून कपाटात कोंबू नका. तिळाचं, करडईचं तेल कापडात हवेशी मिळून आतल्या आत तापतं आणि गठ्ठ्याला आग लागू शकते. आधी पसरून गार होऊ द्या.

हात लावण्याआधीचे प्रश्न वहीत छापून ठेवा, आठवणीवर सोडू नका. ताप आहे का, ऑपरेशन कधी, हाड मोडलंय का, बीपी, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, कॅन्सर. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्याला ‘दुखलं तर सांगा’ म्हणून उपयोग नाही, त्याला कळतच नाही, तिथे हात हलका आणि तेल कोमटही नको. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, लाल आणि दुखरी असली तर त्या पायाला बोटही लावू नका, त्या दिवशी मालिशच नको. शिरेत गुठळी असू शकते, चोळली की फुप्फुसात जाते. सरळ दवाखान्यात पाठवा. नंदुरबार, सातपुड्याकडे काम करणार असाल तर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का हा प्रश्न पहिल्या पाचांत हवा. हाडं ठणकताहेत, ताप आहे, छातीत दुखतंय, ते अंगदुखीचं गिऱ्हाईक नव्हे, दवाखान्याचं आहे. अशा माणसाला बर्फ तर मुळीच लावू नका. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या पोटाला डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय हात नाही, घरातली आजी कितीही सांगो.

अंग झाकायचं कसं तेही सरावात घ्या. ज्या भागावर काम तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली, आणि चादर बदलताना तुमची मान दुसरीकडे. काय करणार ते आधी सांगा, हो आलं की सुरू करा. म्हाताऱ्या आबांना, मावशींना मधूनमधून विचारा, ‘दुखस का?’ अहिराणीत विचारलं की खरं उत्तर मिळतं, मराठीत विचारलं की ‘नाही, ठीक आहे’ म्हणून दात आवळून पडून राहतात.

घरी सराव करताना पुन्हा तेच. दिवाण, बाज, पलंग हे सगळे गुडघ्याएवढे, जेमतेम १८ इंच. त्यावर माणूस झोपवून वाकून मालिश करणं म्हणजे वर्गात शिकलेली उंची घरी मोडणं. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजी टाका आणि गुडघ्यावर बसून करा, गुडघ्याखाली घडी घातलेली गोधडी. पलंगच पाहिजे असेल तर चारही पायांखाली सारख्या विटा, आडव्या, आणि माणूस झोपवण्याआधी स्वतः बसून हलवून बघा. किती विटा, ते सुतळी सांगेल. तीस-चाळीस वेगवेगळी अंगं होईपर्यंत वहीत तारीख, वेळ, टेबलाचं भोक आणि आपला अंगठा दुखला का, हे लिहा. भोक लिहायचंच. अंगठा दुखलेल्या दिवशी त्याच्या शेजारी काय लिहिलंय ते बघा.

वर्गात आधीचा शिकाऊ उंच असला तर टेबल त्याच्या उंचीवर राहिलेलं असतं. पाळी आली की चार नॉब फिरवा. मागचे लोक कुरकुरतील, मॅडम म्हणतील राहू दे आता. राहू द्यायचं नाही.

परीक्षेला ओळखपत्र, कापलेली नखं, स्वच्छ चादर, सुतळी. हात धुवून दाखवा, प्रश्न विचारून दाखवा, नाहीतर त्यांचे मार्क फुकट जातात.

नोकरी: पगार लेखी, खोलीच्या दाराला काच किंवा बाहेरून उघडण्याची सोय, ‘एक्स्ट्रा’ची भाषा कानावर आली की त्याच दिवशी निघा. दिवसाला पाच तासांच्या वर अंगावर काम नको, सुरुवातीला तीन. तिथलं टेबल बघा, का ते सांगत नाही.

स्वतःचं सुरू केलं तर मोजकीच माणसं असताना २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे गुमास्त्याची नुसती सूचना द्यावी लागते, ती ऑनलाइन होते. बोर्डावर डॉक्टर नको, फिजिओ नको, ‘लकवा, मधुमेह, लठ्ठपणा बरा’ तर नकोच, त्याला जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे.

घरी जाऊन करणार असाल तर टेबल खांद्यावरून नेऊ नका, चाकांची पिशवी घ्या. खेड्यात ओटा सारवलेला असतो, टेबलाचे पाय माती घेतात आणि माणूस झोपला की अर्धा-पाऊण इंच रुततात, एखादाच रुतला तर टेबल कलतं. पायांखाली फळीचे चार तुकडे ठेवा, माणूस झोपल्यावर परत मूठ सोडून बघा.