जुना इंग्लिश चेंबर ऑर्गन दुरुस्तीला घेताय? या चुका टाळा

ऑर्गन म्हटलं की आपल्याला नाट्यसंगीतातला, पायानं भाता हलवत वाजवायचा ऑर्गन आठवतो. त्याचा स्वर पितळी रीडमधून निघतो. अठराव्या शतकातल्या इंग्रज दिवाणखान्यातला चेंबर ऑर्गन निराळा. बाहेरून पुस्तकांचं कपाट वाटावं असा, आत मात्र लाकडाच्या आणि शिसं-कथिलाच्या नळ्या उभ्या. पेटी दुरुस्त करणारा कितीही कसबी असला, तरी हे काम त्याचं नव्हे.

सर्वांत जास्त नुकसान सुराच्या गैरसमजातून होतं. ए फ्लॅट मेजर हा स्वरमेळ कानाला बोचला की वाद्य बेसूर झालं असं लोक ठरवून टाकतात. पण हे ऑर्गन मीनटोन या जुन्या सूर लावण्याच्या पद्धतीनं किंवा तिच्या जवळच्या पद्धतीनं लावलेले असत. आपले गायक पेटीच्या गंधाराबद्दल तक्रार करतात, कारण तो सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. मीनटोनमध्ये तोच गंधार शुद्ध मिळतो. त्याची किंमत एवढीच, की ‘जी शार्प’ म्हणून लावलेली पट्टी ‘ए फ्लॅट’चं काम करत नाही. हा बिघाड नाहीच. शिवाय वाद्याचा मूळ सूर आजच्यापेक्षा खाली असायचा. त्या काळचा संगीतकार हँडेल याचा ट्यूनिंग फोर्क (सूर जुळवायचा चिमटा) ४२२.५ हर्ट्झचा आहे. आजचे ४४० हर्ट्झ गाठायला म्हणून नळ्या वरून कापू नका. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही.

एखादा स्वर पट्टी सोडल्यावरही वाजत राहिला, तर आतली झडप नीट बसत नसते. बहुधा कचरा अडकलेला असतो किंवा लाकूड फुगलेलं असतं. आधी मऊ ब्रशनं साफ करा. स्प्रिंग लगेच ताणू नका, पट्टी जड होते. शेजारच्या नळ्या बारीक कुजबुजू लागल्या, तर हवापेटीच्या फळीला भेग असण्याची शक्यता जास्त. घरातल्या हीटरनं लाकूड वाळतं, म्हणून ती पडते. भेगेत घाईनं डिंक ओतू नका. खोलीतली आर्द्रता काही आठवडे ५० ते ६० टक्के ठेवा, पुष्कळदा भेग आपोआप आवळते. चिकटवायचंच झालं तर जनावराच्या कातड्याचा सरस वापरा; ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो. पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदातून आम्लाची वाफ निघते आणि शिशाच्या नळ्या खाते. नळीवर पांढरी भुकटी दिसली तर खरवडू नका, ती विषारी असते.

आवाज भरदार व्हावा म्हणून रीडचे नवे स्टॉप (एका जातीच्या नळ्यांचे संच) बसवण्याचा मोहही टाळा. १७४९ मध्ये आपला मित्र चार्ल्स जेनेन्स याच्या ऑर्गनसाठी स्टॉप सुचवताना हँडेलनं रीड मुद्दाम वगळले: ते सारखे लावावे लागतात, आणि खेड्यात ते गैरसोयीचं. थॉमस पार्करनं बांधलेला तो ऑर्गन आज वॉरिकशरमधल्या ग्रेट पॅकिंग्टनच्या चर्चमध्ये आहे.

आणि साफसफाईला हात घालण्याआधी फोटो काढा. लंडनमध्ये काम करणारा, मूळचा स्वित्झर्लंडचा ऑर्गन बांधणारा जॉन स्नेट्झलर हवापेटीत शाईनं नाव आणि साल लिहिलेली कागदी चिठ्ठी चिकटवत असे. जुन्या नळ्यांवर स्वरांची अक्षरं टोकदार हत्यारानं कोरलेली असतात. ओलं फडकं एकदा फिरलं की चिठ्ठीवरची शाई गेली.