शेततळ्याचे अनुदान : जेसीबी बोलावण्याआधी

काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात एप्रिल लागला की विहिरी तळाला जातात आणि आंबिया बहराची सुपारीएवढी फळे गळू लागतात. तीस बाय तीस मीटर लांबी-रुंदीच्या आणि तीन मीटर खोलीच्या शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. त्यामुळे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वैयक्तिक शेततळ्यासाठी आकारमानानुसार जास्तीत जास्त 75,000 रुपयांपर्यंत मिळणारे अनुदान नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याने सोडू नये.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो आणि त्याचे शुल्क 23 रुपये 60 पैसे आहे. 2025 पासून सोडत बंद होऊन प्रथम अर्जास प्रथम प्राधान्य हे धोरण आले आहे, म्हणून कागदपत्रांच्या दुरुस्तीत महिना घालवणे आता परवडत नाही. शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य आहे. तो नसेल तर आधी तो काढून घ्यावा.

खरी अडचण बहुधा सातबाऱ्यात निघते. वडील वारल्यावर वारस नोंद झालेली नसते, किंवा जमीन चार भावांच्या सामाईक खात्यात असते. वारस फेरफारासाठी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज आधीच द्यावा आणि सामाईक खात्यासाठी सहहिस्सेदारांचे संमतीपत्र तयार ठेवावे. आधार आणि सातबारा यांवरील नावात एका वेलांटीचा फरक असला तरी तो वेळीच दुरुस्त करून घेतलेला बरा. अनुदान आधार जोडलेल्या खात्यातच जमा होते, त्यामुळे आपले नेमके कोणते खाते आधारशी जोडलेले आहे हे बँकेत विचारून खात्री करावी.

निवड झाल्याचा संदेश म्हणजे पूर्वसंमती, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी नव्हे, हे मी कळकळीने सांगतो. माझ्या काकांची निवड झाली आणि शेजारच्या धुऱ्यावर जेसीबी आलेलाच आहे, तर वाहतुकीचा खर्च वाचेल म्हणून त्यांनी दोन दिवसांत तळे खोदून घेतले. पुढे तपासणीच्या वेळी खोदण्यापूर्वीच्या जागेची नोंद दाखवता आली नाही आणि त्यांचे प्रकरण अडकले ते अडकलेच. कागदपत्रे अपलोड करावीत, कृषी सहाय्यकांकडून (त्यांचे नवे पदनाम सहायक कृषी अधिकारी) जागेची पाहणी आणि आखणी करून घ्यावी, पूर्वसंमती पत्र हाती पडू द्यावे, आणि त्यानंतरच बकेट मातीला लावावी. मंजूर आकारापेक्षा तळे लहान झाले तर अनुदानही त्या मानाने कमी होते, म्हणून यंत्र शेतातून हलण्याआधी स्वतः टेप धरून मोजमाप घ्यावे.

जागा निवडताना शेताचा उतार पाहावा. वाहून येणारे पाणी आपोआप तळ्यात उतरले पाहिजे, मात्र तळे थेट नाल्याच्या पात्रात नसावे. पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा छोटा खड्डा ठेवावा. भारी काळ्या जमिनीत पाणी बऱ्यापैकी टिकते; मुरमाड थर लागला तर ते उन्हाळ्यापर्यंत राहत नाही, तेव्हा प्लास्टिक अस्तरीकरण, म्हणजे तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरणे, करावे लागते. तो योजनेतील स्वतंत्र घटक असल्याने त्यासाठी वेगळा अर्ज करावा.

काम पूर्ण झाल्यावर देयके पोर्टलवर चढवावीत आणि मोका तपासणीच्या, म्हणजे जागेवरील पाहणीच्या दिवशी स्वतः शेतावर हजर राहावे. पैसे त्यानंतर येतात, म्हणून जेसीबीवाल्याचे पैसे आधी स्वतःच्या गाठीचे जातील, हा हिशेब धरूनच कामाला हात घालावा.