मेंढीच्या चाऱ्यातून मिथेन आणि नत्राची नासाडी कशी कमी करावी

मेंढी सावलीला बसून रवंथ करत असते तेव्हा तिला मधूनमधून ढेकर येतो. त्या ढेकरातून मिथेन बाहेर पडतो. हा वायू मागच्या बाजूने जातो असे बऱ्याच जणांना वाटते; पण आतड्यात तयार होणारा थोडाफार मिथेनसुद्धा बहुतांश रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटेच बाहेर येतो. मोठ्या मेंढीने खाल्लेल्या चाऱ्यातली साधारण ६.५ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. दुसरी गळती नत्राची. चाऱ्यातून पोटात गेलेल्या नत्रापैकी ७५ ते ९० टक्के लेंड्या आणि मूत्रातून बाहेर पडते. हे दोन्ही आपणच कष्टाने गव्हाणीत टाकलेले असते, म्हणून या गळतीकडे पाळणाऱ्याने स्वतःसाठीही लक्ष द्यायला हवे.

आधी पोटात काय घडते ते समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव चारा कुजवतात तेव्हा हायड्रोजन सुटतो. तो साचला तर पचनच मंदावते. तिथले काही सूक्ष्मजीव हा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात आणि पोट मोकळे ठेवतात. तंतुमय, जून चाऱ्यापासून असिटेट नावाचे आम्ल जास्त बनते आणि हायड्रोजनही जास्त सुटतो. धान्यातले पिष्ट आणि कोवळ्या चाऱ्यातली साखर यांपासून प्रोपिओनेट हे दुसरे आम्ल बनते, आणि ते हायड्रोजन वापरून घेते. त्यामुळे मिथेन शून्यावर आणायचा विचार करू नये, तो कमी करता येतो.

प्रथिनांचे गणित निराळे. सूक्ष्मजीव प्रथिने फोडून अमोनिया करतात आणि त्याच वेळी पोटात ऊर्जा असेल तर त्या अमोनियातून स्वतःचे शरीर वाढवतात. पुढे तेच मेंढीला प्रथिने म्हणून मिळतात. ऊर्जा कमी पडली तर अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो मूत्रातून जातो. हा युरिया बनवायलाही मेंढीची ऊर्जा खर्च होते. जमिनीवर पडल्यावर त्यातून अमोनिया उडतो, काही भाग नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि थोडा नायट्रस ऑक्साइड होतो. १०० वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, तर एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ किलोइतकी. मिथेन हवेत साधारण १२ वर्षे टिकतो, नायट्रस ऑक्साइड शंभराहून अधिक. मिथेनची चर्चा खूप होते, पण माझ्या मते सुरुवात नत्रापासून करावी. तिथे काय चुकते ते लगेच दिसते आणि ते सुधारायला कोणतेही खास औषध लागत नाही.

पायरी १: कळपाचे गट पाडा

सगळ्या मेंढ्यांना एकच खुराक देणे ही नत्राच्या नासाडीची सर्वांत मोठी वाट आहे. भाकड मेंढीला शुष्क चाऱ्याच्या, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या चाऱ्याच्या, ९ ते १० टक्के प्रथिने पुरतात. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत ११ ते १२ टक्के लागतात. कोकरे पाजणाऱ्या मेंढीला १३ ते १५ टक्के आणि दूध तोडलेल्या वाढत्या कोकरांना १४ ते १६ टक्के. जागा कमी असेल तर निदान दोन गट करा, एक भाकड आणि सुरुवातीच्या गाभण मेंढ्यांचा, दुसरा पाजणाऱ्या मेंढ्यांचा आणि कोकरांचा.

पायरी २: चारा मोजा

हिरव्या चाऱ्याचे वजन फसवे असते, कारण त्यात बरेचसे पाणीच असते. एक किलो हिरवा चारा कापून वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत वाळवा. उरलेले २०० ग्रॅम असतील तर शुष्क पदार्थ २० टक्के. प्रथिनांसाठी मात्र प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. अहवालात नुसते नत्र दिले असेल तर त्याला ६.२५ ने गुणा, म्हणजे प्रथिने कळतात. उलट प्रथिनांना ६.२५ ने भागले की नत्र. हा एक भागाकार लक्षात ठेवा, बाकी सगळा हिशेब त्यावरच चालतो.

पायरी ३: जास्तीची प्रथिने काढा

समजा एक भाकड मेंढी दिवसाला १.२ किलो शुष्क चारा खाते. चाऱ्यात १६ टक्के प्रथिने असतील तर तिच्या पोटात रोज सुमारे ३१ ग्रॅम नत्र जाते. १० टक्के असतील तर १९ ग्रॅम. लेंड्यांमधले नत्र हे मुख्यतः किती चारा खाल्ला यावर ठरते; किलोमागे ७ ते ८ ग्रॅम धरले तर दोन्ही वेळा ते ९ ग्रॅमच्या आसपास राहते. लोकर आणि शरीर यांसाठी एक-दोन ग्रॅम सोडा. उरलेले सगळे मूत्रात, म्हणजे एकीकडे जवळपास २० ग्रॅम आणि दुसरीकडे आठ-नऊ. जास्तीच्या प्रथिनांचा भार जवळजवळ पूर्णपणे मूत्रावर येतो, आणि हवेत उडणारे, पाण्यात उतरणारे नत्र बहुतांशी मूत्रातलेच असते. ५० मेंढ्या, १०० दिवस असा हिशेब केला तर फरक ५७ किलो नत्रावर जातो. तेवढे नत्र सुमारे १२५ किलो युरिया खतात असते!

म्हणून भाकड गटाची पेंड आधी कमी करा. पण एक मर्यादा पाळा. प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातले सूक्ष्मजीवच उपाशी पडतात, चारा पचत नाही आणि मेंढी खाणेही कमी करते. खालावलेली मेंढी हा पर्यावरणाचा फायदा नव्हे.

पायरी ४: प्रथिनांच्या जोडीला ऊर्जा द्या

कोवळे गवत किंवा लसूणघासासारखा द्विदल चारा एकटाच भरपूर दिला तर अमोनिया एकदम सुटतो. त्याच्या जोडीला थोडे धान्य, मका किंवा मक्याचा मुरघास दिला तर सूक्ष्मजीवांना दोन्ही एकाच वेळी मिळते. इथे एक गफलत होते. कोवळ्या चाऱ्यावर किलोमागे मिथेन कमी निघतो, म्हणून फक्त मिथेन पाहणाऱ्याला तो उत्तम वाटतो. पण त्यात प्रथिने गरजेपेक्षा कितीतरी जास्त असली तर वाचवलेला मिथेन मूत्रातल्या नत्राच्या रूपाने आपण परत करत असतो. दोन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय चारा चांगला की वाईट हे ठरवू नका.

मिठाच्या चाटणाने मेंढी जास्त पाणी पिते आणि मूत्र पातळ होते. त्यामुळे एकाच जागी पडणारे नत्र विरळ होते, एकूण नत्र मात्र तेवढेच राहते.

पायरी ५: मेंढीमागे नको, वाढलेल्या वजनाच्या किलोमागे हिशेब करा

चांगला, पचायला हलका चारा दिला की मेंढी जास्त खाते आणि दिवसाचा मिथेन उलट वाढतो. हे पाहून घाबरू नका. एका कोकराचे वजन १५ वरून ३५ किलोवर न्यायचे आहे. निकृष्ट वैरणीवर ते रोज ०.८ किलो खाऊन १०० ग्रॅम वाढते, म्हणजे २०० दिवस लागतात. चांगल्या चाऱ्यावर रोज एक किलो खाऊन २०० ग्रॅम वाढते, म्हणजे १०० दिवस. शुष्क चाऱ्याच्या किलोमागे २० ग्रॅम मिथेन धरला तर पहिल्याचा एकूण मिथेन ३.२ किलो, दुसऱ्याचा २ किलो. कोकरांसाठी किलोमागचा आकडा थोडा कमी धरतात, तरी दोघांमधले प्रमाण तेच राहते. रोज जास्त मिथेन सोडणारे कोकरू शेवटी कमी मिथेन सोडून गेले. म्हणून चारा फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच कापा. जून होऊ दिला की पानापेक्षा काडी वाढते. ज्या मेंढ्या वर्षानुवर्षे वीत नाहीत त्याही याच हिशेबात येतात, कारण त्यांचा सगळा मिथेन कळपातल्या बाकीच्यांच्या मांसावर, लोकरीवर चढतो.

पायरी ६: धान्य, तेल आणि टॅनिन बेताने

धान्याने मिथेन घटतो, पण अचानक वाढवले तर कोटीपोटात आम्ल साचते आणि मेंढी दगावूही शकते. तेलाचेही तसेच. चाऱ्यातली चरबी एक टक्क्याने वाढली की मिथेन साधारण ४ ते ५ टक्क्यांनी कमी होतो. जवस, सूर्यफूल, सरकी यांतून ती देता येते. एकूण चरबी ६ टक्क्यांवर जाऊ देऊ नका, नाहीतर तंतू पचत नाहीत.

टॅनिन, म्हणजे झाडांतले तुरट द्रव्य, असलेला पाला मला सर्वांत आशेचा वाटतो, कारण तो दोन्ही गळत्यांवर काम करतो. बाभळीसारख्या झाडांच्या पाल्यातले टॅनिन कोटीपोटात प्रथिनांना चिकटते आणि पुढच्या आम्लयुक्त पोटात ती सोडते. अमोनिया कमी बनतो, नत्राचा काही भाग मूत्राऐवजी लेंड्यांकडे वळतो, मिथेनही थोडा उतरतो. लेंड्यांमधले नत्र हळूहळू सुटते, त्यामुळे जमिनीला ते जास्त वेळ उपयोगी पडते. शुष्क चाऱ्याच्या २ ते ४ टक्के टॅनिन ठीक, ५ टक्क्यांवर गेले की मेंढी खायला नाखूश होते आणि पचन बिघडते. सगळी वैरण पाल्याची नको, काही हिस्साच.

लाल समुद्री शैवालातल्या ब्रोमोफॉर्म नावाच्या द्रव्याने मेंढ्यांच्या चाचण्यांमध्ये मिथेन निम्म्याहून खाली आणला आहे. पण मात्रा अगदी काटेकोर लागते, घरी अंदाजाने घालायची ही वस्तू नाही. नायट्रेटही मिथेन घटवते, पण मात्रा चुकली तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच जाते. पशुवैद्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि गायींसाठीचे खनिज मिश्रण मेंढ्यांना कधीच देऊ नका. त्यातले तांबे मेंढीला विषासारखे बाधते.

पायरी ७: सावकाश बदला आणि पाहत राहा

कोणताही बदल दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करा. दर पंधरा दिवसांनी कोकरांचे वजन करा आणि मोठ्या मेंढ्यांच्या कमरेवर हात ठेवून मणक्याची टोके चाचपा: टोकदार लागली तर खुराक कमी पडतोय, दाबूनही लागली नाहीत तर जास्त होतोय. लेंड्या पातळ झाल्या, वाड्यात शिरताच डोळे चुरचुरायला लागले, तर प्रथिने पुन्हा तपासा. तो अमोनियाचा वास असतो. लेंड्यांमधल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) मूत्रातला युरिया फुटतो, म्हणून मेंढ्यांच्या खाली भरपूर कोरडा भुसा किंवा काड्या अंथरा आणि ओला थर वेळेवर उचला.