जुन्या स्पोर्ट्स कारची अलॉय चाकं: गोव्यात रंगवताना

किनाऱ्याजवळच्या गाड्यांत चाकांच्या लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, पांढरट, अळीसारख्या रेषा पसरतात. दगडाच्या टवक्यातून खारट ओल आत शिरते आणि ॲल्युमिनियम लॅकरच्या खालून कुजतं. वरून पॉलिश करून काही होत नाही. लॅकर उतरवावंच लागतं.

टायर काढून जेल पेंट रिमूव्हर लावा. कॉस्टिक सोडा नको, तो धातूच खातो. लोखंडी तारेचा ब्रशही नको: त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात तिथेच गंज धरतो. नायलॉनचा ब्रश घ्या. चाक मॅग्नेशियमचं असण्याची शंका असेल तर घासकाम थांबवा. त्याची भुकटी पेटते.

खड्डे 240 नंबरच्या वॉटर पेपरने घासा, मग 400, 600. पांढरी पूड खड्ड्यात राहिली तर रंग फुगणारच. थिनरने पुसून लगेच इपॉक्सी प्राइमर मारा, कारण उघड्या धातूवर ऑक्साइड झटपट चढतं. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि टू-के लॅकर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं दोन भागांचं लॅकर. हे काम डिसेंबर-जानेवारीत, उन्हं चढल्यावर करा. पावसाळ्यात लॅकरवर दुधी झाक येते. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यासाठी योग्य मास्क हवा, साधा रुमाल चालत नाही.

नट बसतो ती जागा आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी मागची बाजू मास्किंग टेपने झाका. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिले पडतात. तरीही 80-100 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) तपासाच.