फौजेतला डॉक्टर ते हेल्थ पॉलिसी, या वाटेवर येणाऱ्यांसाठी

एएफएमसीची, म्हणजे पुण्याच्या फौजी मेडिकल कॉलेजची पोरं विचारतात, सर युनिफॉर्म उतरवल्यावर पॉलिसीत, म्हणजे आरोग्य धोरणाच्या कामात यायला कोणता कोर्स करायचा. कोर्सचं सांगतो, पण पॉलिसी म्हणजे काय ते मला कुठल्या वर्गात कळलं नाही, लडाखमध्ये आरएमओ, म्हणजे बटालियनचा डॉक्टर असताना कळलं.

तिथे नियम असा की ९ हजार फुटांच्या वर आलात की आधी ६ दिवस थांबायचं, १२ हजारांच्या वर आणखी ४, १५ हजारांच्या वर अजून ४, मग जवान असो की अधिकारी. हे दिवस चुकवले आणि हेप झाला, म्हणजे फुप्फुसात पाणी भरलं, तर विशीतला धडधाकट पोरगा काही तासांत जाऊ शकतो. ऑक्सिजन होता, औषधं होती माझ्याकडे, पण पोरं खरी वाचवली ती त्या नियमाने. एकदा घाईत एका तुकडीला चौथ्याच दिवशी वर पाठवायचं चाललं होतं, मी नाही म्हणालो आणि सीओ साहेब, म्हणजे बटालियनचे प्रमुख, माझ्या बाजूने उभे राहिले. ते उभे राहिले नसते तर नियम कागदावरच राहिला असता, हे अजून विसरलो नाही.

म्हणून एमडीला कम्युनिटी मेडिसिन घेतलं, म्हणजे एकेका पेशंटपेक्षा सगळ्या वस्तीचं आरोग्य बघायचा विषय. पाणी तपासा, लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर तपासा, डास मारा, घरचे म्हणाले हे काय डॉक्टरचं काम? आवडत असेल तर बिनधास्त घ्या. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनी, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच फौजेत आलेल्यांनी, आधीची ७ वर्षं मन लावून करावीत, फील्ड पोस्टिंग टाळू नका.

बाहेर आल्यावर मात्र मला जड गेलं. फौजेत सकाळच्या सिक रिपोर्टला कोण आजारी ते कळतं, इथे एनएफएचएससारख्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) सर्व्हेची काही वर्षं वाट बघा. त्यात आरोग्य हा राज्यांचा विषय, दिल्लीची ऑर्डर गावात उतरत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के करायचं ठरलं होतं, आपण तिथे पोचलो नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा स्टॅटिस्टिक्स शिकाच, पण बजेटची पुस्तकं वाचायलाही शिका, पैसा कुठल्या हेडखाली, म्हणजे बजेटच्या कुठल्या खात्यात येतो आणि मार्चला का परत जातो ते बघा. आणि एखाद्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडाभर फार्मासिस्टच्या शेजारी औषधांचं रजिस्टर घेऊन बसा, माझी पहिली दोन पानी नोट तिथूनच निघाली.