नाशिकहून इंग्लंडच्या कालव्यावर: मित्रांसोबत बोट, पब आणि निवांत आठवडा कसा ठरवायचा

आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं, आवर्तन आणि द्राक्षबागा आठवतात, त्यात बोट घालून आठवडाभर राहायचं असं घरी सांगितलं तर लोक बघतच राहतात. पण इंग्लंडमध्ये हे खरंच करता येतं आणि जिवलग चार-सहा जणांसाठी यापेक्षा भारी सुट्टी मला तरी माहीत नाही. तिथले बरेच कालवे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कोळसा आणि माल न्यायला खणले, आता त्यावर नॅरोबोट फिरतात, रुंदी जेमतेम सात फूट पण लांबी भरपूर, आत बेड, किचन, शॉवर, टॉयलेट सगळं. भाड्याची बोट चालवायला लायसन्स लागत नाही, कंपनीवाले निघायच्या आधी शिकवतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, दिवसाचा प्लॅन पबपासून उलटा करायचा. म्हणजे रात्री कुठल्या पबला जेवायचं ते ठरवा, मग मागे मोजत या. हिशोब सोपा आहे, मैल आणि लॉक (बोट वर-खाली न्यायचे पाण्याचे दरवाजे, पुढे सांगतो) यांची बेरीज करून तीनने भागा, तेवढे तास लागतात. ९ मैल आणि ६ लॉक असतील तर ५ तास. स्पीड लिमिट ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत, आणि उभ्या बोटींजवळून त्याहूनही हळू. नकाशावर अंतर एवढंसं दिसतं म्हणून रोज आठ-नऊ तासांचा प्लॅन करू नका, सगळी मजा जाते. चार-पाचपर्यंत पोचा कारण चांगल्या पबसमोरच्या जागा संध्याकाळी भरतात, अंधारात भाड्याची बोट चालवू देत नाहीत आणि बऱ्याच पबचं किचन नऊच्या सुमारास, कधी त्याआधीच बंद होतं.

आणि प्यायचं ते बोट बांधून झाल्यावरच. दुपारच्या पबला थांबलात तर ज्याच्या हातात टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) आहे आणि जे लॉक चालवणार आहेत त्यांनी सोडाच घ्यायचा, पाळी आधीच लावून ठेवा म्हणजे वाद होत नाहीत.

लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. गेट लावून घ्यायचं, विंडलास नावाच्या हँडलने पॅडल (पाणी सोडायची झडप) उचलायचं, पाणी भरतं किंवा उतरतं, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की गेट ढकलून उघडायचं (कमरेने रेटायचं, हाताने नाही). खाली उतरताना मात्र मागच्या गेटला सिमेंट-दगडाची पायरी असते, पाणी उतरलं की ती उघडी पडते, बोटीची मागची बाजू तिच्यावर अडकली तर बोट पुढे कलते आणि बुडू शकते, म्हणून बोट कायम पुढे ठेवायची आणि एकाने फक्त तेवढंच बघायचं. काही गडबड वाटली तर पॅडल लगेच खाली. विंडलास तसाच लटकता सोडू नका, पॅडल निसटलं तर तो गरगर फिरतो आणि हात मोडतो.

टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, अर्ध्या तासात सवय होते. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे.

पहिल्यांदा जाताय तर इंग्लंडमधून वेल्समध्ये जाणारा लँगॉलेन कालवा घ्या. व्हिटचर्चकडून निघालात तर लँगॉलेनपर्यंत फक्त दोनच लॉक लागतात आणि जाऊन-येऊन आठवड्यात आरामात होतं. वाटेत पाँटकसिल्टी हा १८०५ चा जलसेतू, म्हणजे कालवा नदीवरून नेणारा पूल आहे, नदीपासून ३८ मीटर उंच, एका बाजूला चालायची वाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला लोखंडी पन्हाळीची कड पाण्याच्या जराशी वर आणि मग थेट दरी. लहान मुलं असतील तर आत बसवा. या कालव्याला थोडा प्रवाह आहे कारण डी नदीचं पाणी यातूनच पिण्यासाठी पुढे जातं, त्यामुळे लँगॉलेनकडे जाताना जास्त वेळ धरा.

बुकिंग करताना दोन गोष्टी. नुसत्या पुरुषांचा ग्रुप असेल तर बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात किंवा आधी विचारायला सांगतात, त्यामुळे खरं काय ते आधीच कळवा. आणि सहा जणांसाठी सहा बेडची बोट घेऊ नका, त्यातला एक बेड रोज रात्री जेवणाचं टेबल मोडून करायचा असतो, आठची घ्या. मे-जून किंवा सप्टेंबर बघा, जुलै-ऑगस्टला तिकडच्या शाळांना सुट्ट्या म्हणून भाडं चढतं. व्हिसाच्या बायोमेट्रिकला आपल्याला मुंबई जवळ, बोटीच्या बुकिंगची कॉपी फाईलला लावा.

पबमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट बघायची नसते, बारवर जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. एकाने सगळ्यांचं आणायचं, मग पुढच्याने, तिथे हीच रीत. पाइंट म्हणजे ५६८ मिली, त्यामुळे नवीन एल (तिकडची पारंपरिक बियर) असेल तर अर्धा पाइंट मागा, बऱ्याच ठिकाणी आधी थोडी चाखायलाही देतात. हातपंपाने ओढलेली एल आपल्या बियरसारखी बर्फगार नसते, ती तशीच प्यायची.

बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी न्या, पण तूप आणि पेढे नकोत, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे नेऊ देत नाहीत. पोहे मात्र नक्की घ्या, सकाळी बोटीच्या गॅसवर दहा मिनिटांत होतात.